पंधरा डझन अस्वलाचे पंजे

९ सप्टेंबर, मंगळवार

नवी वही काढली. जुनी अजून अर्धी कोरी आहे, पण तिच्यात डॉक्टरच्या तारखा आणि दिव्यांचे बल्ब असलं सगळं आहे. या वहीत फक्त बर्नीबद्दल लिहायचं, तेही तारखेसकट, म्हणजे वेळ आली की "मी असं कधी केलं?" असं विचारायची तिची सोय राहणार नाही.

आज ग्लोरियाचा फोन आला. ही आमच्या सिरिलची बायको. सिरिल माझ्या भावाचा, मेटोडचा मुलगा. मेटोड गेला, त्यामुळे सिरिलच्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे आम्ही दोघी आत्या, मी आणि बर्नी. त्याची मुलगी मार्लेना अठरा ऑक्टोबरला लग्न करतेय. मी पेन्सिल घेऊनच बसले होते. म्हटलं, कुकीजच्या टेबलावर माझ्याकडे काय दिलंय, किती डझन ते सांग.

ती म्हणाली, "आत्या, तुम्ही या वेळी काही करू नका. नुसत्या या आणि मिरवा."

आणि अस्वलाचे पंजे, त्या पंज्याच्या साच्यातल्या कुकीज, कोण करतंय? तर बर्नी आत्या.

आमच्या यंगस्टाउनमध्ये लोक नवरीचा झगा विसरतात, केक विसरतात, पण कुकीजचं टेबल विसरत नाहीत. घरातल्या यच्चयावत बाया महिनाभर भाजतात. कोण काय करणार हे ठरलेलं असतं, एकीचा जिन्नस दुसरी करत नाही. आणि जिला कुणी सांगत नाही, ती त्या घरची नाही. सत्तेचाळीस वर्षं या घरातल्या प्रत्येक लग्नात पंजे माझे होते.

ग्लोरिया म्हणे, ईस्टरला तुमची फार दगदग झाली. कसली दगदग? अक्रोडाचे रोल केले होते. निम्मे परत आले, कारण हल्ली सगळ्यांची डाएट चालू असतात. यामागे बर्नीच आहे. तिने ग्लोरियाचे कान भरले.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये बर्नी तिसऱ्या रांगेत होती. मी पाचव्या रांगेत बसून तिच्या मानेकडे बघत प्रार्थना केली. काय मागितलं ते लिहीत नाही.

मूळ गोष्ट लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी आमच्या चर्चने पाककृतींचं पुस्तक काढलं. पान एकेचाळीसवर अस्वलाचे पंजे, आणि खाली नाव बर्नाडीन साबोल. ते पंजे आईचे. आई शेवटची अकरा वर्षं माझ्या घरी होती, तिला न्हाऊमाखू मी घातलं, तिच्या हाताला हात लावून पीठ मी मळलं. बर्नी तेव्हा क्लीव्हलंडला होती, नाताळला येऊन आईचा मुका घेऊन जायची. आणि पुस्तकात नाव हिचं! त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही.

पण त्या पानावर मिरी नाही. कोको, अक्रोडाची पूड, दालचिनी, लवंग, सगळं दिलंय. दोन पंज्यांच्या मधलं चॉकलेटचं सारणही बरोबर आहे. पण आई पिठात काळ्या मिरीची एक चिमूट घालायची, शेवटी घशाला जरासं लागेल इतकीच. ती तिने फक्त मला सांगितली, कानात. म्हणजे बर्नीला माहीतच नाही. पुस्तक छापलं, पण पंजा लंगडाच.

साचे मात्र दोघींकडे सारखे आहेत. आजीने जुन्या देशातल्या गावाहून येताना चाळीस पत्र्याचे साचे आणले होते. आईने वीस-वीस वाटले. माझ्यातल्या एकाला एक नख कमी आहे, कारण मी नऊ वर्षांची असताना तो बर्नीच्या डोक्यावर नेम धरून फेकला होता. तो चुलीवर आपटला. वाटणीच्या वेळी आईने तो मुद्दाम माझ्या ढिगात टाकला.

तर ठरलं. पंधरा डझन पंजे मी करणार, कुणी सांगो न सांगो, आणि तिच्या ताटाशेजारी ठेवणार. लोक दोन्ही खातील. संध्याकाळी माझं ताट रिकामं असेल आणि बर्नी आपलं भरलेलं ताट सगळ्यांसमोरून गाडीपर्यंत नेईल. पुस्तक वाचणाऱ्यांनाही मग कळेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चाचणीची पहिली खेप केली. हल्ली मसाल्यांत काही दम राहिलेला नाही. दालचिनीची नवी बाटली फोडली तर आत नुसता भुसा. मेल्यांनी लवंगेचंही तेच करून ठेवलंय. आईच्या मापाने घातली तर लागेचना. दुप्पट घातली, तरी नाही. चौपट केली तेव्हा कुठे जिभेला जरा झिणझिण्या आल्या.

शेजारच्या ऑर्लँडोला बोलावून खाऊ घातले. तो विधुर माणूस, आधी मेटोडच्या, मग सिरिलच्या दुकानात चाळीस वर्षं होता, लग्नाला येणारच आहे. समोर उभी राहून त्याला तीन खायला लावले. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ त्याला बोलता येईना. मग म्हणाला, "व्हेरोना, असे पंजे मी आयुष्यात खाल्ले नाहीत."

त्याची आईसुद्धा उत्तम भाजायची. तिची आठवण झाली असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस पोटाने हैराण केलं. दूध नासलेलं होतं, असं ऑर्लँडो म्हणतो. मी तर निम्मा डबा प्याले, मला काही कळलं नाही. त्याने नाक धरून सगळं मोरीत ओतलं. या माणसाला भलतीच नाटकं येतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अठरापैकी सहा खेपा झाल्या. वीस साचे, एका पंज्याला दोन अर्धे, पंधरा डझन म्हणजे तीनशे साठ अर्धे. गुडघे बोलायला लागलेत, पण मला कुणाचं ऐकायचं नाही.

सातवी खेप ओव्हनमध्ये असताना मी टेबलापाशी बसून यादी करत होते. एवढ्यात ऑर्लँडो दार न वाजवता आत घुसला आणि खिडक्या उघडायला लागला. "काय जळतंय? रस्त्यापर्यंत वास आलाय, आणि तू इथे बसून काय करतेस?" बघितलं तर पंजे कोळसा झालेले. घड्याळ लावायचं विसरले होते. बर्नीच्या विचारात दुसरं काही सुचत नाही, हे खरं.

तो जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, "तुला खरंच वास आला नाही?" मी म्हटलं, मला कामं आहेत. जानेवारीत तो मोठा ताप आल्यापासून नाक जरा चोंदलेलं असतं, त्याचं काय एवढं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सारण भरायला घेतलं. एक अर्धा पंजा डाव्या हातात, वर चॉकलेट, मग दुसरा अर्धा हलकेच दाबायचा, कडेने सारण दिसेल पण ओघळणार नाही. हे काम खरं तर दोघींचं आहे. लहानपणी मी सारण लावायची, बर्नी झाकायची. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही.

तिला सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही का, की दार वाजवावं? मी उघडलं नसतं, ती गोष्ट वेगळी. पण वाजवायला काय झालं होतं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हॉलवर डबे पोचवले. आत सगळ्या बाया आपापले जिन्नस उतरवत होत्या. मला बघून ग्लोरियाचा चेहरा पडला. "आत्या, तुम्ही कशाला..." एवढंच तिला सुचलं. मी म्हटलं, अस्वलाचे पंजे, पंधरा डझन, व्हेरोना हुडाक. माझ्या नावाचं कार्ड बर्नीच्या कार्डाला लागून ठेव. कार्डं मार्लेनाने सुंदर अक्षरात लिहिली आहेत. कोरं एक शिल्लक होतं, त्यावर माझं नाव मी स्वतः लिहिलं, ठळक.

बर्नी ओट्यापाशी होती. म्हातारी झालीय. तिने हात पुसले, सरळ माझ्या डब्याकडे आली, न विचारता एक पंजा उचलला आणि खाल्ला. मी बघत राहिले. ती चावायची थांबली. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

मला इतका आनंद नवऱ्याने मागणी घातली तेव्हाही झाला नव्हता. तिला कळलं. आपण हरलो, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

मग ती हळूच म्हणाली, "वेर्का, लवंग किती घातलीस?"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते हे. आईशिवाय मला वेर्का कुणी म्हणायचं नाही.

मी म्हटलं, "पुस्तकात बघ." आणि निघून आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल लग्न झालं. सगळं नीट लिहिते, कारण हे मला पुन्हा पुन्हा वाचायचं आहे.

टेबल चाळीस फूट लांब होतं. आमची दोन ताटं मधोमध, शेजारी शेजारी. दिसायला तेच पंजे, तसेच चॉकलेटचे, कुणाला फरक कळू नये. जेवणाच्या आधीच लोक तुटून पडले. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या ताटाचा तळ दिसायला लागला. बर्नीच्या ताटातून लोक एक उचलायचे, एक घास घ्यायचे आणि कागदी रुमालात गुंडाळायचे. मी खुर्ची अशी लावली होती की सगळं दिसावं.

नवऱ्यामुलाची आजी मुद्दाम मला शोधत आली. म्हणाली, "तुमचा पंजा खाऊन झाल्यावर घशाला काहीतरी हलकं लागतं. मिरी आहे का हो? माझी सासू घालायची." मी नुसती हसले.

मीही दोन्ही चाखून बघितले. माझा जरा फिका वाटला, पण करणाऱ्याला स्वतःचं कधी लागत नाही. घशाला मिरी मात्र लागली. मग बर्नीचा खाल्ला. जीभ बधिर झाली! लवंग ओतलीय नुसती. या बाईने पुस्तक लिहिलंय!

मागच्या टेबलावर बाया कुजबुजत होत्या, बिचारी बर्नाडीन, वय झालं, हात गेला. एकीने तिलाच विचारलं. बर्नी म्हणाली, "चुकलं या वेळी. माप विसरले."

मी याच क्षणाची सहा वर्षं वाट बघत होते. उठले, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पुस्तकात नाव छापलं म्हणून हाताला चव येत नाही, बर्नी."

तिने मान वर केली.

"नाही येत," ती म्हणाली. "तू मार्लेनाबरोबर फोटो काढलास का? जा, ती तुला शोधत होती."

शेवटी लोक खोकी भरभरून कुकीज घरी न्यायला लागले. बर्नीचं ताट जवळजवळ तसंच होतं. तिने सगळं स्वतः डब्यांत भरलं, कुणाला हात लावू दिला नाही, आणि दोन फेऱ्यांत गाडीपर्यंत नेलं. मला हवं होतं अगदी तस्संच. सबंध हॉलसमोरून.

झोप छान लागली. लागायलाच हवी होती.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ऑर्लँडो लग्नातलं खोकं घेऊन आला. माझ्यासाठी राखून ठेवलं होतं म्हणे. नाना तऱ्हेच्या कुकीज, आणि कडेला चार पंजे. "तुझे संपले होते," तो म्हणाला. "हे बर्नीचे आहेत. तिचं ताट इतकं भरलेलं बघून वाईट वाटलं, म्हणून चार उचलले."

मी म्हटलं, आण इकडे, बघू तरी. टर उडवायलाच हातात घेतला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

एक नख कमी.

दुसरे तीन बघितले. ते पूर्ण होते. पहिला पुन्हा बघितला. खिडकीपाशी नेला. आतून साचा काढून आणला आणि पंज्यावर बसवला. तंतोतंत बसला. असा साचा जगात एकच आहे आणि तो माझ्याकडे असतो.

म्हणजे बर्नीच्या कार्डापुढे माझे पंजे होते.

मी म्हटलं, "ऑर्लँडो, हा खा." त्याने दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, "मग खरं सांग. सप्टेंबरात तुझ्या डोळ्यांत पाणी का आलं?"

तो खुर्चीत बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लवंग," तो म्हणाला. "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं तोंड झालं. संध्याकाळपर्यंत मला सूपची चव कळली नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला कोण सांगणार, व्हेरोना? ईस्टरलाही कुणी सांगितलं नाही. रोल नुसते खारट होते. ग्लोरियाला लग्नाआधी तुझ्याशी भांडण नको होतं, म्हणून तिने तुला काहीच करायला दिलं नाही. त्यात बर्नीचा काही हात नव्हता."

तो गेल्यावर मी मसाल्याचं कपाट उघडलं. लवंगेची बरणी नाकाला लावली. मग दालचिनी. मग व्हिनेगर, मग फरशीचं औषध. डोळे चुरचुरले, बाकी काही नाही. जानेवारीपासून मी अशीच फिरतेय आणि सगळ्या दुकानदारांना शिव्या देतेय.

दुपारी पुस्तक काढलं. पान एकेचाळीस. मिरी नाही. पण लोकांनी शनिवारी वाहवा करून खाल्ले ते बर्नीचे पंजे, आणि ते खाताना माझ्या घशाला मिरी लागली होती.

आज यापुढे लिहवत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बर्नीच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू. राग होता, फक्त तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

तिने दार उघडलं. मी आत न जाता विचारलं, "कार्डं बदलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "आईचे पंजे रुमालात गुंडाळून टाकताना लोक तुझं नाव घेणार, ते मला ऐकवलं नसतं. माझं घेतलं तर घेतलं. मला काय, मी क्लीव्हलंडची."

"मिरी तुला कुणी सांगितली?"

"आईने. तिने मला आधीच सांगितली होती, तुला नंतर. म्हणाली, वेर्काला आपल्या एकटीलाच माहीत आहे असं वाटू दे, नाहीतर ती करायचीच नाही."

हे मात्र अगदी आईचं बोलणं. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

"मग पुस्तकात का नाही घातलीस?"

ती दाराच्या कडीशी चाळा करायला लागली. "नाव मी मुद्दाम माझं दिलं," ती म्हणाली. "तुझ्याकडे आई होती, शेवटपर्यंत. मला एक पान हवं होतं. पण लिहिताना मिरीपाशी आले आणि हात पुढे जाईना. ती तुझी होती."

मी उंबऱ्यावरच उभी होते. तिने आत ये म्हटलं नाही आणि मीही गेले नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ते सगळे पंजे फेकलेस ना?

"फ्रीजरमध्ये आहेत. चौदा डझन."

"कशाला ठेवलेस? कुणी खाणार आहे का ते?"

"तू केलेत ना," ती म्हणाली.

परतताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. शनिवारी सगळ्या हॉलसमोर मी तिला जे बोलले, ते या वहीत माझ्याच अक्षरात आहे, तारखेसकट. मला ते पुन्हा पुन्हा वाचायचं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणतो, तापानंतर काहींचं असं होतं. वास परत येईलही, नाहीही. रोज चार बरण्या हुंगायला सांगितल्यात. हुंगते.

काल ग्लोरियाला फोन करून सांगितलं की ते पंजे माझे होते, बर्नीचे नव्हते, आणि हे ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना सांग. ती म्हणाली, "आत्या, बर्नी आत्यांनी आम्हाला शपथ घातलीय." मी म्हटलं, मी तुला मोकळं करते.

रविवारी मी तिसऱ्या रांगेत बसले. आमच्या मध्ये एक जागा रिकामी ठेवली होती. एकदम एवढं जवळ नको.

६ डिसेंबर, शनिवार

चर्चच्या नाताळासाठी पंजे सांगितलेत, आम्हा दोघींना मिळून. बर्नी सकाळीच आपले वीस साचे घेऊन आली. वाटणीनंतर अठ्ठावीस वर्षांनी चाळीसही साचे एका ओट्यावर मांडले. तिने एक नख कमी असलेला साचा ओळखला आणि डोक्याला हात लावून दाखवला, जिथे तो बसला नव्हता तिथे.

मी तिला माफ केलेलं नाही. पान एकेचाळीस अजून तसंच आहे. तिनेही लग्नातलं माझं बोलणं माफ केलं असेल असं वाटत नाही, कारण पीठ मळताना तिने मला दोनदा विनाकारण बाजूला व्हायला सांगितलं.

पीठ झालं तेव्हा मी परात तिच्या नाकापुढे धरली आणि विचारलं, कसं आहे? तिने डोळे मिटून वास घेतला. "दालचिनी बरोबर. कोको बरोबर. आईच्या ॲप्रनसारखं," ती म्हणाली. मीही हुंगलं. काही आलं नाही, पण ॲप्रन आठवला.

मिरी मी माझ्या हाताने घातली, एक चिमूट. तेव्हा ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

मग मी लवंगेची बरणी उचलली. एक चमचा पडला होता, मला तो कमीच वाटला, दुसरा भरला. बर्नीने माझं मनगट धरलं.

"बस, वेर्का."

मी चमचा परत बरणीत रिकामा केला आणि झाकण लावलं.